घरांतील यंत्रें : करवतीचा निकामी खटका

लांकडाशीं संबंध यावयाचा तो सुताराचा. आपला संबंध काय तो तयार झालेल्या पाटाशीं किंवा कपाटाशीं, अशी समजूत आपल्या पांढरपेशा घरांतून पुष्कळ काळ चालत आली. ती आतां ढिली होत चालली आहे, ही आम्हांस आनंदाची गोष्ट वाटते. निवृत्त गृहस्थ मागील पडवींत सुतारकामाची हौस भागवितात. मुली व सुना पुस्तकांच्या मांडण्या स्वतः जोडतात. आणि हातकरवतीनें हात भरून येऊं लागले म्हणजे, टेबलाच्या फटींतून ज्याचें गोल पातें वर आलेलें असतें असें ‘टेबल सॉ’ नांवाचें यंत्र घरांत येतें. परंतु यंत्र आलें कीं त्याच्याबरोबर त्याचे नियमही आले पाहिजेत. आणि या नियमांपैकीं पहिला त्याच्या खटक्याविषयींचा आहे.

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या यजमानांच्या अशा यंत्राचा खटका निकामी झाला आहे. दाबला तर कधीं लागतो, कधीं लागत नाहीं. लागला तर गुणगुणतो व त्यास जळका वास येतो. यजमानांनीं त्यावर तोड काढिली ती अशी कीं, खटक्याच्या आंतील तारा एकमेकींस कायमच्या जोडून टाकिल्या, आणि यंत्र भिंतीवरील बोर्डाच्या बटणानें चालूं-बंद करावयाचें ठरविलें. “बटण तें बटण, तें भिंतीवर असलें काय आणि यंत्रावर असलें काय,” असें त्यांचें म्हणणें. हें बरोबर आहे काय, असें भगिनी विचारतात. आमचें उत्तर स्पष्ट आहे. हें बरोबर नाहीं. आणि नवा खटका बसेपर्यंत त्या यंत्राचा प्लग सॉकेटांत घालूं नये. याचीं कारणें देतों, म्हणजे आमचें बोलणें नुसतें भित्रेपणाचें वाटणार नाहीं.

पहिलें कारण अंतराचें. करवतीवर काम करणाऱ्याचे दोन्ही हात फळीवर व दृष्टि पात्यावर असते. फळी अडकली किंवा उलट अंगावर फेकली जाऊं लागली, तर जागेवरून न हलतां, मान न वळवितां, प्रसंगीं गुडघ्यानें किंवा मांडीनें ढकलूनसुद्धां यंत्र बंद करतां आलें पाहिजे. म्हणून चांगल्या यंत्रावर बंद करण्याचें बटण लाल, रुंद व पुढें आलेलें असतें, आणि चालूं करण्याचें हिरवें बटण आंत दबलेलें असतें. बंद करणें सोपें आणि चालूं करणें हेतुपूर्वक, असा त्यांतील विचार आहे. भिंतीवरील बटणाकडे हात नेण्यास जो क्षण लागतो, नेमका तोच अशा वेळीं आपल्याजवळ नसतो.

दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. फळी अर्धी कापून झाली असतां वीज गेली, तर माणूस काय करतो? अडकलेली फळी सोडवूं लागतो, पात्याभोंवतींचा भुसा झाडूं लागतो, आणि भिंतीवरील बटण चालूंच राहिलें आहे हें विसरतो. पांच मिनिटांनीं वीज परत येते व पातें आपोआप फिरूं लागतें. त्या क्षणीं हात कोठें असेल याचा नेम नाहीं. भारनियमन ज्यांनीं सोसलें आहे, त्यांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

हा प्रसंग टळावा म्हणूनच करवतीस ‘नो-व्होल्ट’ जातीचा खटका लावितात. त्याची रचना मोठी सुबक आहे. हिरवें बटण दाबतांच आंतील संपर्क जुळतात, आणि त्याच संपर्कांतून थोडी वीज तारेच्या एका वेटोळ्यांत जाते. वेटोळें लोहचुंबक बनतें व संपर्क धरून ठेवितें. बोट काढिलें तरी यंत्र चालूं राहतें. वीज गेली कीं चुंबकत्व गेलें. स्प्रिंग संपर्क दूर सारते. आणि वीज परत आली तरी कोणी हिरवें बटण पुन्हां दाबल्यावांचून पातें हलत नाहीं. विहिरीवरील पंपाचा स्टार्टर ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही युक्ति नवी नाहीं. त्याच पंपाला पुष्कळ शेतकरी ‘ऑटो स्विच’ लावितात, म्हणजे रात्रीं वीज आली कीं पंप आपण होऊन सुरू होतो. वीज येतांच सगळे पंप एकदम सुरू झाले तर रोहित्रावर भार पडतो, म्हणून महावितरण तो लावूं नका असें सांगत असते. पंपाच्या बाबतींत नुकसान होईल तें रोहित्राचें. करवतीच्या बाबतींत तें हाताचें. यंत्राचा खटका आंतून जोडून टाकणें म्हणजे करवतीला ऑटो स्विच लावणेंच होय.

आतां खटका झिजतो कां, तें पाहूं. वीज वाहत असतां दोन संपर्क दूर केले कीं त्यांच्यामध्यें ठिणगी पडते, व ती धातूचा थोडाथोडा भाग जाळते. संपर्क जितके सावकाश दूर होतील तितकी ठिणगी अधिक वेळ टिकते. म्हणून १८८४ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनीं संपर्क झटकन तोडणारा खटका काढला. आजच्या बटणाचा ‘खट्’ असा आवाज त्याच कल्पनेचा वारसा आहे. मोटरीच्या खटक्यावर ताण विशेष असतो. २ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारें १,५०० वॅट काम देते, व तोटा धरून २३० व्होल्टांवर १० ते १२ अँपियर वीज घेते. परंतु सुरू होतांना क्षणभर तिला याच्या पांच-सहा पट वीज लागते. त्यांत भर पडते ती बारीक भुशाची. भुसा संपर्कांमध्यें शिरला कीं ते पुरते जुळत नाहींत, जागा तापते, भुसा करपतो. जळका वास येतो तो याचाच. शेवटीं एकतर खटका लागेनासा होतो, किंवा संपर्क वितळून एकमेकांस चिकटतात व लाल बटण दाबलें तरी यंत्र थांबत नाहीं. ही दुसरी अवस्था सर्वांत घातक. खटका गरम लागणें, गुणगुणणें, दोनदां दाबावा लागणें, बोट काढतांच यंत्र थांबणें, या सर्व त्याच्या पूर्वसूचना समजाव्या.

नवा खटका घेतांना चार गोष्टी पाहाव्या. तो ‘नो-व्होल्ट’ जातीचा असावा. त्याच्या वेटोळ्यावर २३० व्होल्ट असें लिहिलेलें असावें. अमेरिकेंतील नातलगांनीं प्रेमानें पाठविलेला १२० व्होल्टांचा खटका आपल्या विजेवर जळून जाईल. तो मोटरीच्या भाराचा असावा. दिव्याच्या ६ अँपियरच्या बटणानें हें काम होणार नाहीं. चौथी गोष्ट, तो फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तोडणारा असावा. भिंतीवरील बटण बहुधा एकच तार तोडतें. घरांतील जोडणी उलटी झाली असेल तर यंत्र बंद दिसतें, पण त्याच्या तारांत वीज असते. जुना खटका दुकानीं नेऊन दाखविल्यास भोंकांचें माप व टोकांची मांडणी जुळविणें सोपें जातें.

बसविण्याचा क्रम असा. प्रथम प्लग सॉकेटांतून काढून आपल्या डोळ्यांपुढें ठेवावा. नुसतें बोर्डाचें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. पातें टेबलाखालीं उतरवावें. मोटरीला कपॅसिटर असल्यास त्यांत वीज सांठून राहिलेली असूं शकते. त्याच्या टोकांस हात लावूं नये. खटक्याचें झांकण उघडल्यावर एकही तार सोडण्यापूर्वीं मोबाइलनें छायाचित्र घ्यावें, व प्रत्येक तारेस कागदी पट्टी चिकटवून ती कोठून आली तें लिहावें. आपल्याकडे जुन्या जोडणींत फेज लाल, न्यूट्रल काळी व अर्थिंगची तार हिरवी असते. नव्या केबलींत त्या अनुक्रमें तपकिरी, निळी व हिरवी-पिवळी असतात. तरी रंगावर विसंबूं नये, मागील कारागिरानें काय जोडलें आहे तें पाहावें. प्लगाकडून येणाऱ्या तारा नव्या खटक्याच्या आंत येणाऱ्या टोकांस, व मोटरीकडे जाणाऱ्या तारा बाहेर जाणाऱ्या टोकांसच जोडाव्या. यांत अदलाबदल झाली तर वेटोळ्याचा हेतुच फसूं शकतो. अर्थिंगची तार खटक्यांतून तुटतां कामा नये. ती प्लगापासून यंत्राच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत अखंड असावी. तारेचें करपलेलें टोंक कापून नवें काढावें, स्क्रू घट्ट आवळावे, आणि प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी. झांकणाच्या फटी बंद कराव्या, नाहींतर नवा खटकाही जुन्याच्याच वाटेनें जाईल.

एवढें झाल्यावर परीक्षा घ्यावी. फळी न लावितां व पात्यापासून दूर उभें राहून यंत्र चालूं करावें. लाल बटणानें बंद करावें. असें तीन-चार वेळां करावें. मग यंत्र फिरत असतां भिंतीवरील बटण बंद करावें, पातें पूर्ण थांबूं द्यावें, आणि भिंतीवरील बटण पुन्हां चालूं करावें. यंत्र स्तब्ध राहिलें तरच काम झालें असें समजावें. तें आपोआप फिरलें तर प्लग काढावा व वायरमनास बोलवावें. ज्यांस वरील क्रमांत कोठेंही शंका वाटेल त्यांनीं प्रारंभींच वायरमनास बोलवावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्यानें काम संपविल्यावर ही शेवटची परीक्षा आपल्यासमोर घ्यावयास लावावी.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. लाल बटण दाबल्यावरही पातें कांहीं सेकंद फिरत राहतें. बोट पात्यास लागल्यावर खटका कांहीं वांचवूं शकत नाहीं. अमेरिकेंत अशा करवतींनीं जखमी होऊन दवाखान्यांत येणाऱ्यांची संख्या तेथील सरकारी आयोगाच्या अंदाजानें वर्षास सुमारें ३०,००० होती. कातडीचा स्पर्श होतांच सुमारें पांच सहस्रांश सेकंदांत पातें थांबविणारी युक्ति स्टीव्ह गॅस या अमेरिकन गृहस्थांनीं काढिली आहे, परंतु तशीं यंत्रें महाग असतात. सामान्य यंत्र वापरणाऱ्यांनीं पात्यावरील झांकण काढूं नये, अरुंद फळी हातानें न ढकलतां काठीनें ढकलावी, आणि खटक्याची वर सांगितलेली परीक्षा महिन्यांतून एकदां घ्यावी. तिला दोन मिनिटें लागतात. पुढील अंकीं पात्यावरील झांकणाविषयीं, व त्यामागील फळी उलटूं न देणाऱ्या पट्टीविषयीं लिहूं.