गाडी चुकली

"तुझी गाडी चुकलीय," बाबा म्हणाले.

गेल्या रविवारची गोष्ट. टेबलावर पेपर पसरून मी डेक्कन क्वीनचा एक डबा रंगवत बसलो होतो. एच.ओ. स्केल, म्हणजे १:८७. आय.सी.एफ.चा साधारण २१.३ मीटरचा खरा डबा या मापात साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. खाली ऑक्सफर्ड ब्लू, खिडक्यांच्या पट्ट्यात क्रीम आणि एक लाल रेघ. तीन वीकेंड गेले होते त्यात. मास्किंग टेप सोलल्यावर रेघ चक्क सरळ आली, म्हणून खुशीत बाबांना हाक मारली, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वरचं वाक्य टाकलं.

"हे क्रीम कुठून आणलंस? आमची क्वीन पांढरी होती."

बाबांनी १९८८ ते २०१० अशी बावीस वर्षं पासवर पुणे-मुंबई केलंय. (आईच्या मते त्यांचा अर्धा संसार त्या डब्यातच झाला.) तरी मी वाद घातलाच. म्हटलं, रेल्वेच्या स्वतःच्या माहितीत 'क्रीम आणि ऑक्सफर्ड ब्लू' असं स्वच्छ लिहिलंय. त्यावर ते म्हणाले, "असेल लिहिलेलं. मी गाडीने जायचो, कागदाने नाही."

झालं! दोन दिवस मी धुमसत होतो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की आम्ही दोघं एकाच गाडीबद्दल बोलतच नव्हतो.

डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला. जी.आय.पी. रेल्वेचे तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. १९६६ साली पेरांबूरहून आय.सी.एफ.चे पोलादी डबे आले आणि त्यांच्याबरोबर क्रीम आणि ऑक्सफर्ड ब्लू हे रंग. नोव्हेंबर १९९५ मध्ये ते डबे जाऊन एअर ब्रेकवाले आले. जून २०२२ पासून एल.एच.बी. डबे लागतात, रंगही नवे. माझा 'क्रीम' १९६६ च्या डब्यांचा आणि बाबांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः १९९५ नंतरचे डबे. 'डेक्कन क्वीनचा बरोबर रंग कोणता' हा प्रश्न विचारण्यातच घोटाळा आहे. कुठल्या सालची डेक्कन क्वीन, ते आधी सांगा!

पण साल ठरलं तरी सुटका नाही. रेल्वेचे डबे ठराविक काळाने पी.ओ.एच.ला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला जातात आणि तिथून रंगून येतात. अख्खा रेक एकाच दिवशी जात नाही. त्यामुळे कुठल्याही दिवशी फलाटावर उभ्या गाडीत एक डबा कोरा करकरीत, शेजारचा वर्षभर ऊन खाल्लेला, तिसऱ्यावर ब्रेकच्या लोखंडी धुळीचा तपकिरी थर, असा प्रकार असायचा. आम्ही हौशी लोक मात्र सगळे डबे एकाच बाटलीतून, एकाच दुपारी रंगवतो आणि वर त्याला 'अचूक' म्हणतो. माझ्या मते शेड नंबर तंतोतंत जुळवून सारखी रंगवलेली गाडी हीच सगळ्यात चुकीची गाडी. तशी ती रुळांवर फार तर एखाद्या उद्घाटनाला दिसली असेल.

मग फोटो बघावेत म्हणाल, तर त्यांची वेगळीच तऱ्हा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. लाल जवळपास काळा येतो आणि निळा फिकट. म्हणजे १९३० च्या रॉयल ब्लू डब्याचा फोटो अशा फिल्मवर काढला असेल, तर तो डबा करडा-पांढरा वाटेल आणि कुणीतरी त्यावरून बिनदिक्कत 'चंदेरी' ठरवून मोकळा होईल. रंगीत प्रिंटही साव नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो लालसर होतो. पांढऱ्याचा गुलाबीसर क्रीम तिथेच तयार होतो. उरला संगणक. मी ऑफिसच्या मॉनिटरवर निवडलेला ऑक्सफर्ड ब्लू घरच्या लॅपटॉपवर जांभळट दिसतो, यातच काय ते समजा.

माणसांचे डोळे तरी कुठे सुटतात? डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो तोच सातच्या सुमारास. म्हणजे बाबांनी वर्षातले कित्येक महिने ती फलाटाच्या छपराखाली, ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात पाहिली. त्या उजेडात फिकट क्रीम पांढराच दिसणार. संध्याकाळी साडेआठच्या आसपास परत येऊन उतरायचे, तेव्हा बाहेर सोडियमचे पिवळे दिवे. त्यात निळा काळा दिसतो आणि पांढरा पिवळा. हा सगळा सिद्धांत मी बाबांना मोठ्या उत्साहाने ऐकवला. ते म्हणाले, "दादर काय अंधारात यायचं?"

ते उजेडातच यायचं. सिद्धांत जागच्या जागी गार.

शेवटी बाबांच्या पासवाल्या ग्रुपमधल्या तिघांना फोन केले. एक काका म्हणाले पांढरी. दुसरे म्हणाले, "पांढरी नाही रे, सायीसारखी." तिसरे म्हणाले, "मी कधी बाहेरून बघितलीच नाही. चढलो की झोपायचो." :)

यात डेक्कन क्वीन एकटी नाही. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे चॉकलेट आणि क्रीम डबे प्रसिद्ध आहेत. त्यातला क्रीम मुळात पांढरा होता आणि वार्निशच्या थरांखाली पिवळट पडत क्रीम झाला, असं सांगतात. तिथल्याच लंडन-ब्रायटन रेल्वेच्या स्ट्राउडली या इंजिनियरने आपल्या इंजिनांच्या रंगाला 'सुधारित इंजिन हिरवा' म्हटलं, आणि तो रंग होता गेरूसारखा पिवळा! कागदावरच्या नावाला किती जपायचं, ते यावरून ठरवा.

आता 'जाऊ दे, कुठलाही निळा लावा' असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं मला अजिबात पटत नाही. आमच्या छंदात तडजोडी आहेतच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एच.ओ.त तो १९.३ व्हायला हवा, आणि आम्ही गुपचूप १६.५ च्या तयार रुळांवर गाडी चालवतो. पण ती तडजोड सगळ्यांना माहीत असते, कुणी मोजली तर सापडते. रंगाचं तसं नाही. २०२२ नंतर त्या डब्यांची डेक्कन क्वीन धावत नाही, जाऊन ताडून बघायची सोय संपली. उद्या माझा डबा बघून कुणी त्याचा फोटो काढेल, त्यावरून दुसरा कुणी रंग घेईल, आणि मी अंदाजाने मारलेला निळा पुढच्या लोकांसाठी 'खरा' होऊन बसेल. ज्यांना विचारता येईल ते लोक आज साठीच्या पुढचे आहेत. त्यांचं आपसात पटत नाही, हेही नोंदवण्यासारखंच आहे.

म्हणून मी एक सवय लावून घेतोय. डब्याच्या पोटाखाली बारीक मार्करने लिहायचं: कुठल्या सालचा, कशावरून ठरवला, कुठले रंग किती थेंब मिसळले, आणि कुठे अंदाज मारला. क्रीमवाला डबा मी खरवडला नाही. त्याच्याखाली '१९६६ नंतर, रेल्वेच्या माहितीवरून' असं लिहिलं. दुसरा डबा काल रंगवला, पांढऱ्यात पिवळ्याचा एकच थेंब टाकून. त्याच्याखाली 'डिसेंबर १९९८, बाबांच्या सांगण्यावरून'.

तो त्यांना दाखवला. खिडकीशी नेऊन बराच वेळ उलटसुलट करून बघितला त्यांनी.

"हां. पण दाराच्या दांड्याजवळ इतका स्वच्छ कधीच नव्हता," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला.