बावन्नाव्या खेळानंतर

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. तबल्यावर त्याचा हात चांगला बसला होता. पण पुढे तो पुण्यास गेला आणि मोबाइलवरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत चित्रकार म्हणून लागला. कंपनीचा एक खेळ मध्यंतरी तुफान चालला. त्या भरात माणसे दुप्पट झाली, जागा मोठी घेतली गेली. नंतरचे तीन खेळ लोकांनी हाती धरले नाहीत, आणि दसरा होतो न होतो तोच निम्म्या मंडळींना निरोप मिळाला. त्यांत हाही होता. "मास्तर, काम वाईट केलं असं कुणीच म्हणालं नाही," तो म्हणाला. "पहिल्यासारखं झालं नाही, एवढंच."

हे वाक्य माझ्या कानांना नवे नव्हते. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यातील अगदी अखेरच्या पिढीचे गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. मी त्यांचे शेंडेफळ. त्यांची भैरवीतील एक ठुमरी गावात फार गाजली, आणि पुढे चाळीस वर्षे ते जेथे गायला बसले तेथे फर्माइश तीच. नवी चीज महिनोन्‌महिने घोटून न्यावी, लोकांनी माना डोलवाव्यात, आणि शेवटी कोणीतरी म्हणावे, "बुवा, आता ती होऊ द्या!" ज्या ठुमरीने त्यांना नाव दिले, तीच त्यांच्या बाकीच्या गाण्याच्या वाटेत आडवी बसली होती.

खेळांच्या या व्यवसायाची माहिती जमवू लागलो तेव्हा तेथेही हीच गोष्ट, फक्त कोट्यवधींच्या हिशेबात, दिसून आली.

फिनलंडमधील एस्पो येथील रोव्हिओ कंपनीचेच पाहा. २००३ साली काही विद्यार्थ्यांनी ती काढली. डिसेंबर २००९ मध्ये तिचा 'अँग्री बर्ड्स' बाजारात आला, तो तिचा बावन्नावा खेळ मानला जातो. आधीच्या एक्कावन्न खेळांपैकी कित्येक दुसऱ्या कंपन्यांसाठी करून दिलेले, आणि एवढे करूनही कंपनी दिवाळे निघण्याच्या बेतात आलेली. त्या रागीट पाखरांनी सारे चित्र पालटले. त्यांची खेळणी निघाली, कपडे निघाले, २०१६ साली चित्रपटही आला. परंतु २०१२ मध्ये आणलेल्या 'अमेझिंग अ‍ॅलेक्स' या खेळाचा जम बसला नाही. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या वर्षांत शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२३ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने रोव्हिओ सुमारे ७० कोटी ६० लाख युरोंना विकत घेतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रोव्हिओने आपला मूळ खेळ गूगलच्या दुकानातून काढून घेतला. कारण काय, तर त्याचा कंपनीच्या इतर खेळांवर परिणाम होतो! गवयानेच आपली गाजलेली चीज वहीतून फाडून टाकावी, तसा हा प्रकार.

असे का व्हावे? हे खेळ बहुधा फुकट मिळतात. खेळणाऱ्यांपैकी अगदी थोडे लोक पैसे खर्च करतात आणि त्या थोड्यांवर सारा डोलारा उभा असतो. नवा खेळाडू मिळवायचा तर जाहिरातीस पैसे मोजावे लागतात. जुन्या खेळाला मात्र लोकांची सवय, त्यांचे सवंगडी आणि वर्षानुवर्षांची कमाई आयती लाभलेली असते. त्यामुळे नव्या खेळाची खरी झुंज असते ती स्वतःच्या थोरल्या भावाशी. शिवाय जुन्याला सतत नवे टप्पे, नवे सणसमारंभ पुरवावे लागतात, आणि घरातील सर्वांत जाणती माणसे त्यातच गुंतून पडतात. 'कँडी क्रश सागा' २०१२ साली आला. २०१४ मध्ये त्याच्या किंग या कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले तेव्हा तिची तीन-चतुर्थांशांहून अधिक मिळकत त्या एकाच खेळाची होती. पहिल्याच दिवशी भाव घसरला. गुंतवणूक करणाऱ्यांचा प्रश्न साधा होता: याच्यानंतर काय?

दुसरा खेळ जमत नाही म्हणून कोणी दुसऱ्याचा विकत घेऊन पाहतो. २०१२ च्या आरंभी ओएमजीपॉप या न्यूयॉर्कच्या कंपनीचा 'ड्रॉ समथिंग' काही आठवड्यांत कोट्यवधी लोकांच्या हाती गेला. झिंगा कंपनीने मार्चमध्ये सुमारे १८ कोटी डॉलर देऊन ती सारी कंपनीच घेतली. तोवर लोकांची हौस फिटू लागली होती. जून २०१३ मध्ये ओएमजीपॉपची कचेरी बंद झाली. गाजलेली चीज विकत मिळते, पण ऐकणाऱ्यांचे कान तिच्याबरोबर येत नाहीत.

माझ्या मते खरी चूक यशाच्या आधी नसते, यशानंतर होते. बावन्नावा खेळ लागला, कारण पहिले एक्कावन्न करताना समोर कोणी बसले नव्हते. तेथे हात तयार झाला. यश आले की प्रत्येक नव्या कामापुढे पहिल्या दिवसापासून श्रोते आणि मुनीम दोघेही येऊन बसतात. हातात पैसा आलेला असतो, चुकणे परवडणारे असते. नेमकी तेव्हाच चुकण्याची खोली बंद केली जाते आणि त्या पैशात मोठा दिवाणखाना बांधला जातो.

हेलसिंकीच्या सुपरसेलने ही खोली उघडी ठेवण्याचा प्रयत्न केला, हे नमूद केले पाहिजे. २०१२ मध्ये 'हे डे' आणि 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' गाजल्यावरही तिने लहान लहान तुकड्यांनीच काम चालू ठेवले, आणि हातातला खेळ पुढे न्यायचा की टाकायचा हे त्या तुकडीनेच ठरवावे, असा शिरस्ता पाडला. खेळ टाकला की शॅम्पेन फोडतात. आनंद अपयशाचा नव्हे, त्यातून मिळालेल्या शहाणपणाचा. असे कितीतरी खेळ टाकून २०१६ मध्ये 'क्लॅश रोयाल' आणि २०१८ मध्ये 'ब्रॉल स्टार्स' हाती लागले. तरीही २०२४ चा 'स्क्वाड बस्टर्स' टिकला नाही. पुढच्याच वर्षी त्याचे काम थांबवीत असल्याचे जाहीर झाले. म्हणजे रियाज केला की मैफल रंगतेच असे नाही. पण रियाजच सोडला तर ती कशी रंगावी?

सयाजीरावांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली, गुणी माणसांना वेतने बांधून दिली. दरबारची लहर आणि दरबारचे रुसवे वडिलांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकले आहेत. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एखादी चीज बसली नाही म्हणून महिनाअखेरीस चूल विझत नसे, एवढे खरे. आजच्या मालकांनी एका खेळाच्या जोरावर दुप्पट माणसे घेतली, तर दुसरा खेळ पडण्याची तयारीही त्यांनीच ठेवावयास हवी. त्या जुगाराचा पण चित्रकाराची नोकरी असू नये.

तो विद्यार्थी सध्या घरी आहे. सकाळी माझ्याकडे येऊन तबल्यावर बसतो, दुपारी अर्ज करतो. मी त्याला एवढेच सांगितले, "नव्या ठिकाणी मुलाखतीला जाशील तेव्हा त्यांचा गाजलेला खेळ कोणता, हे विचारू नकोस. ते साऱ्या गावाला ठाऊक असतं. गेल्या दोन वर्षांत किती खेळ अर्धवट टाकले, आणि ते करणारी माणसं आज कुठं आहेत, ते विचार."