घाट उतरताना इंजिनाला तेल कोण देतं?



गोठ्यात पोत्याखाली झाकलेली काकांची आरएक्स हंड्रेड बाहेर काढायची आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायची, हा आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या पोरांचा आवडता उद्योग. चांगलंच आहे. हाताला काळं लागल्याशिवाय यंत्र कळत नाही. पण अशी गाडी दारात आली की मी आधी एकच विचारतो, "ऑइल पंप चालू आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बंद केला भाऊ, पेट्रोलमध्येच टू-टी टाकतो." आज त्याबद्दलच बोलू.

यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणून ती अशी उसळते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं तेल पेट्रोल-हवेबरोबर आत जातं आणि जळून जातं. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, त्याचा इथे उपयोग नाही. पूर्वी लोक टू-टी पेट्रोलमध्येच मिसळत. यामाहाने १९६४ मध्ये 'ऑटोल्यूब' पंप आणला. तो दोन गोष्टींवर तेल सोडतो: ॲक्सिलरेटर किती पिळलाय आणि इंजिन किती वेगाने फिरतंय.

आता छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना सिल्लेवानीचा घाट आठवा. आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. ते सारखे दाबून ठेवले की तापतात आणि पकड कमी होते. म्हणून जाणता माणूस गिअर खाली टाकतो, ॲक्सिलरेटर सोडतो आणि इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरतो. ते बरोबरच आहे. पण ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल अगदी थोडं जातं. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर तेही तेवढंच थोडं. इंजिन मात्र उताराच्या जोराने गरगरा फिरत असतं. अशा वेळी पिस्टन जाम झाला तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं, तेही ऐन वळणावर. पंप चालू असेल तर इंजिन फिरतंय तोवर तेल येत राहतं. सगळा फरक एवढाच, पण जिवावर बेतणारा.

"रेसवाले तर मिसळूनच चालवतात!" असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ते इंजिन वरचेवर खोलून बघतात आणि मागे बायको-पोरांना बसवून घाट उतरत नाहीत.

पंप घरी तपासता येतो. इंजिन बंद ठेवा आणि पंपावरचं छोटं झाकण काढा. ॲक्सिलरेटर पिळला की पंपाची चकती फिरली पाहिजे आणि सोडला की न अडखळता परत आली पाहिजे. येत नसेल तर केबल बदला. पुढे टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप चिमटून बघा. कडक झाला असेल, तडा असेल, तर नवा पारदर्शक पाइप घाला, म्हणजे आतले बुडबुडे दिसतात.

तेलाची टाकी एकदा कोरडी पडली की पंपात हवा शिरते. नुसतं तेल भरून भागत नाही. टाकी भरा, खाली फडकं धरा, पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून सलग तेल येऊ लागलं की स्क्रू घट्ट करा. त्यानंतरच्या पहिल्या टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी पेट्रोलमध्येही टाका. धूर जास्त होईल, होऊ द्या. पंपापासून इंजिनापर्यंतच्या नळीतली हवा निघेपर्यंत तोच आधार आहे.

मग खरी परीक्षा. तेलाच्या टाकीवर पातळीची खूण करा आणि गावाजवळच्या सपाट रस्त्यावर शंभरेक किलोमीटर चालवा. पातळी खाली गेली तर पंप काम करतोय. तशीच राहिली तर तिथेच थांबा, साधं पेट्रोल भरू नका. प्लगही काढून बघा. कोरडा, बदामी रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक दिसला तर इंजिन जास्त तापतंय. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त जातंय.

पंप स्वतः मात्र खोलू नका. चकतीवरची खूण जुळवणं आणि सिलिंडरचं बोअरिंग ही कामं जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

पंप दुरुस्त होईपर्यंत घाट उतरावाच लागला तर एकटे जा, हळू जा. मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर थोडा पिळा, म्हणजे तेल आत जाईल. दोन बोटं कायम क्लचवर ठेवा. इंजिनाचा आवाज अचानक आवळला किंवा गाडी मागून ओढल्यासारखी वाटली तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि गाडी कडेला घ्या. लगेच किक मारू नका, इंजिन निवू द्या.

सायलेन्सरचा आवाज, नवा रंग, चकचकीत क्रोम, हे सगळं नंतर. आधी पंप. घरात जुनी आरएक्स असेल तर या रविवारी मुलाला सोबत घ्या आणि ते छोटं झाकण उघडून बघा.