स्वागतगीतापुरत्याच मुली?

महाविद्यालयांतून आता 'विद्यार्थी नेतृत्व परिषदा' भरतात. विषय मोठे असतात: सामाजिक बदल, जगापुढची उद्याची आव्हाने. पण बहुतेक ठिकाणी मुली रांगोळी काढतात, स्वागतगीत गातात. बोलतात ते पाहुणे आणि मुलगे.

पाटोदा तालुक्यात ही आव्हाने घरात शिरलेली आहेत. पाऊस हुकला की दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ऊसतोडीला निघते. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. कोयता म्हणजे नवराबायको. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. पुढे तिच्या वाट्याला काय येते? २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. उद्या तिथे याच मुली बसणार. त्यांना बोलण्याची सवय आज कोण लावणार?

तेव्हा मैत्रिणींनो, आयोजकांपुढे आपण दोन अटी ठेवू या. परिषद तोडीचा हंगाम सुरू होण्याआधी भरवा आणि निम्मा वेळ मुलींना द्या. ठरावही एकच असावा: आमच्या वर्गातली एकही मुलगी या हंगामात शिक्षण सोडणार नाही, तिला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून आम्ही सारे तहसीलवर जाऊ. नेतृत्वाचा पहिला धडा तिथेच मिळेल.