मसाल्याचा भाव आधी कळावा

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ऑनलाइन बाजारात अक्षरशः खरी ठरते. समजा, ४० रुपयांच्या रिफिलवर ६० रुपये घरपोच आकार पडला, तर ग्राहक लुबाडणुकीची ओरड करतो. ही ओरड सर्वस्वी न्याय्य नाही. वेष्टनाचा खर्च आणि जिने चढून येणाऱ्या कामगाराची मजुरी वस्तूच्या किमतीनुसार बदलत नाही. ४० रुपयांच्या वस्तूवर हा बोजा दीडशे टक्के, तर २,००० रुपयांच्या वस्तूवर अवघा ३ टक्के पडतो.

आक्षेप घ्यावयाचा तो दोन गोष्टींना. ठराविक रकमेवरील खरेदीस घरपोच सेवा ‘मोफत’ म्हटली जाते. वस्तुतः तिचा खर्च कोठेतरी वसूल होतोच. गरजेपुरतेच घेणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाने मात्र एक तर हा भुर्दंड सोसावा, नाही तर नको त्या वस्तूंनी टोपली भरावी! शिवाय हा आकार पुष्कळदा पैसे भरण्याच्या क्षणीच उघड होतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये घरपोच आकारासह एकूण किंमत एकाच आकड्यात, तपशिलासह देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने किमतीचा काही भाग आरंभी दडवून ठेवण्यास मनाई केली. उणीव नियमांची नाही, अंमलबजावणीची आहे. एकूण किंमत प्रारंभीच दिसली, तर कोपऱ्यावरच्या दुकानाशी तुलना ग्राहक स्वतःच करील. मसाला महाग असेल. पण त्याचा भाव कोंबडी घेण्यापूर्वी कळला पाहिजे.