हृदय बरं झालं, मूत्रपिंडाचं काय?



माझ्या धाकट्या जावेचा नातू जन्मला तेव्हाच त्याच्या हृदयात छिद्र असल्याचं कळलं. अकराव्या महिन्यात ऑपरेशन झालं, छिद्र बुजवलं, आम्ही पेढे वाटले. तरी पोर काही अंग धरेना. मधूनमधून ताप यायचा. दर वेळी आम्ही बायका म्हणायचो, "हृदयाचं मूल आहे, चालायचंच." सहाव्या वर्षी रक्तदाब वाढलेला सापडला, सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या झाल्या. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढत होती! ते ताप लघवीतल्या जंतुसंसर्गाचे होते आणि एक मूत्रपिंड आक्रसून गेलं होतं. तापात साधी लघवी तपासली असती तर, ही सल जावेला अजून आहे. मलाही आहे.

हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही गर्भात पहिल्या काही आठवड्यांतच घडू लागतात. म्हणून एकात दोष असला की दुसऱ्यात असण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त. शिवाय हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनचा ताण मूत्रपिंडावर पडतो तो वेगळाच. मी कॉमर्सची, एक खातं जुळलं म्हणून दुसरी वही न उघडणारा हिशेबनीस मला चालायचा नाही. हृदयदोष असलेल्या बाळाच्या आईने पोटाची सोनोग्राफी झाली का, हे विचारावंच. कारण न कळणाऱ्या तापात लघवी तपासावी, रक्तदाब मोजून घ्यावा. आणि दुखण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यातल्या काही मूत्रपिंडाला बाधतात. खर्चाला घाबरून थांबू नका. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात. अंगणवाडीत, सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाला विचारा.

आता जरा कडू बोलते. गेल्या दशलक्षण पर्वात मंदिरात एकीने या मुलाला निर्जळ उपवासाचा आग्रह केला, बक्षीसही कबूल केलं. आई नाही म्हणाली, तर चारजणींनी नाकं मुरडली. अहो, सोळाकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे, नुसतं तप नाही! या मुलाने किती पाणी प्यायचं ते डॉक्टर ठरवतात. त्याची आई सूर्यास्तानंतरही त्याच्या हातात मोजून पेला देते. यंदा तिला कुणी टोकलं, तर मी तिच्या शेजारीच बसलेली असेन.