विश्लेषण : बुद्धिबळाचे नियम बदलले, तर खेळ बिघडतो की वाचतो?

लंडनमध्ये २०१८ साली मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्यातील जगज्जेतेपदाचे बाराही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत संपले आणि फैसला जलद डावांवर गेला. बरोबरीची कोंडी फोडायला घड्याळ बदलायचे, पण पटाला हात लावायचा नाही, अशी ही पद्धत आहे. पण पटाला, मोहऱ्यांना किंवा नियमांना हात लावला, तर खरोखरच खेळ बिघडतो का?

मूळ अडचण काय?

अडचण बरोबरीपेक्षा पाठांतराची अधिक आहे. आजचा साधा स्मार्टफोनही जगज्जेत्याला हरवू शकतो. त्यामुळे डावाच्या सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली अव्वल खेळाडू पटावर शोधत नाहीत, तर घरून संगणकावर तपासून आणतात. ज्याच्याकडे जास्त ताकदीचा संगणक, अद्ययावत डावसंग्रह आणि सोबत तयारी करून देणारे प्रशिक्षक, त्याचे पारडे पहिल्या चालीआधीच जड होते. अव्वल दहा खेळाडूंमध्ये हा फरक कमी असेल; पण तालुक्याच्या गावातून येणाऱ्या बारा वर्षांच्या मुलासाठी तो मोठा असतो.

आजचे नियम तरी मूळचे आहेत का?

नाहीत. भारतात जन्मलेला चतुरंग इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात गेला, तेव्हा वजीर तिरके एकच घर चालत असे. आजचा उंट ज्या मोहऱ्यापासून आला, तो तिरकी दोन घरांची उडी मारत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आणि उंटाला आजची लांब धाव मिळाली. त्या काळी काहींनी या नव्या खेळाला ‘वेडसर राणीचे बुद्धिबळ’ असे नाव ठेवले. तोच वेडसरपणा आज जगभर ‘खरे बुद्धिबळ’ म्हणून शिकवला जातो.

भारतातही नियम एकच नव्हते. अल-बिरुनीने अकराव्या शतकात चार खेळाडूंचा, फाशांवर खेळला जाणारा प्रकार नोंदवून ठेवला आहे. त्यातला हत्ती चार तिरक्या घरांत आणि समोरच्या एका घरात चालतो. थायलंडच्या मकरूकमधला एक मोहरा आजही तसाच चालतो. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. आजही अनेक घरांत आजोबा नातवाला ‘प्यादे एकच घर’ म्हणतात. तो त्यांचा गैरसमज नसतो. ते जुन्या नियमाने खेळत असतात.

पुस्तकाविना जिंकता येते?

याचे उत्तर मीर सुलतान खानच्या कारकिर्दीत सापडते. आजच्या पाकिस्तानातील पंजाबात जन्मलेला हा खेळाडू देशी नियमांवर वाढला. युरोपात तो पोहोचला, तेव्हा सुरुवातीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे जवळपास नव्हते. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये तो ब्रिटिश विजेता ठरला. हेस्टिंग्जला त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले. डावाच्या मध्यात आणि शेवटी त्याची समज इतकी पक्की होती, की सुरुवातीची कसर भरून निघे. फिडेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

आज असा खेळाडू वर येऊ शकेल का? प्रचलित नियमांत ते फार कठीण आहे. संगणकाने तपासलेल्या सुरुवातीसमोर त्याचा डाव विसाव्या चालीआधीच कोसळण्याची शक्यता अधिक. नव्या प्रकारांचे महत्त्व इथे आहे. ते पाठांतराची शिडी काढून घेतात आणि दोघांनाही एकाच जमिनीवर उभे करतात.

आतापर्यंत काय काय करून झाले?

भरपूर! डेव्हिड प्रिचर्ड यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात चौदाशेहून अधिक प्रकारांची नोंद आहे. ढोबळमानाने त्यांचे तीन गट पडतात.

पट बदलणारे : पोलंडच्या ग्लिन्स्की यांच्या प्रकारात ९१ षटकोनी घरे आहेत. घरांचे रंग तीन असल्याने प्रत्येकाला उंटही तीन मिळतात. पार्टन यांच्या १९५३ च्या ‘अ‍ॅलिस’ प्रकारात दोन पट असतात. चाल झाली की मोहरा दुसऱ्या पटावर जातो.

मोहरे बदलणारे : कापाब्लांकाने १९२०च्या दशकात दहा बाय आठ घरांचा पट सुचवला. त्यात दोन नवे मोहरे होते. एकात उंट आणि घोडा यांच्या चाली एकवटलेल्या, तर दुसऱ्यात हत्ती आणि घोडा यांच्या. आयरिश लेखक लॉर्ड डन्सनी यांनी १९४२ मध्ये एका बाजूला नेहमीचे सैन्य आणि दुसऱ्या बाजूला फक्त ३२ प्यादी उभी केली.

नियम बदलणारे : ‘क्रेझीहाउस’मध्ये मारलेला मोहरा आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येतो. ‘अँटीचेस’मध्ये आपले सगळे मोहरे आधी गमावणारा जिंकतो, आणि मारणे शक्य असेल तर मारावेच लागते.

नावीन्य म्हणजे टिकाऊपणा नव्हे, हेही इथेच कळते. अँटीचेसमध्ये पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवले, की अचूक खेळून तो हमखास जिंकतो, हे २०१६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. गंमत म्हणून हा प्रकार उत्तम आहे, पण त्यावर जगज्जेता ठरवता येणार नाही.

मग कसोटीला उतरणारा प्रकार कोणता?

सर्वात भक्कम दावा बॉबी फिशरच्या प्रकाराचा आहे. त्याने तो १९९६ मध्ये ब्युनोस आयर्स इथे जाहीर केला. पट, मोहरे आणि त्यांच्या चाली त्याच. फक्त मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणी चिठ्ठी काढून ठरते. अटी दोनच. दोन उंट वेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा.

हिशेब सोपा आहे. चार पांढऱ्या घरांपैकी एकात आणि चार काळ्या घरांपैकी एकात उंट ठेवायचे, म्हणजे १६ शक्यता. उरलेल्या सहा घरांत वजिरासाठी ६. उरलेल्या पाचांत दोन घोड्यांसाठी १०. शेवटच्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती, म्हणजे एकच. १६ गुणिले ६ गुणिले १० म्हणजे ९६०. या सगळ्या मांडण्यांची सुरुवात कोण पाठ करणार?

या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा फिडेने २०१९ मध्ये घेतली. त्यात वेस्ली सोने कार्लसनला १३.५-२.५ असे धुऊन काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीतील वायसेनहाउस येथील स्पर्धेत व्हिन्सेंट कायमर जिंकला, तर नुकताच जगज्जेता झालेला गुकेश एकाही विजयाविना परतला. गुकेशचे कर्तृत्व त्याने कमी होत नाही. एका मांडणीवर मिळवलेले प्रभुत्व दुसऱ्या मांडणीत आपोआप येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा दावेदार त्याहून साधा आहे : कॅसलिंगच बंद करा. माजी जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिकची ही सूचना. राजाला हत्तीच्या आडोशाला नेता आले नाही, तर तो उघड्यावर राहतो आणि लढत पेटते. डीपमाइंडच्या संशोधकांनी क्रॅमनिकसोबत २०२० मध्ये नऊ बदललेले नियम ‘अल्फाझीरो’कडून खेळवून तपासले. राजाच्या कोंडीला बरोबरीऐवजी विजय मानला, तर फारसा फरक पडत नाही, असे त्यातून दिसले. या नऊ नियमांत प्याद्याला कायम एकच घर देणारा, आपल्या आजोबांच्या पटावरचा नियमही होता! कॅसलिंगविना पहिली स्पर्धा झाली ती चेन्नईत, जानेवारी २०२० मध्ये. तिथे सुमारे ८९ टक्के डाव निकाली लागले. पुढच्याच वर्षी डॉर्टमुंडमध्ये याच नियमाने विश्वनाथन आनंदने क्रॅमनिकला २.५-१.५ असे हरवले.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप : सुरुवातीच्या चालींचा अभ्यास ही शेकडो वर्षांची कमाई आहे, ती का फेकून द्यायची? मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच पारंपरिक बुद्धिबळ बंद करण्याची मागणी कुणी गंभीरपणे करत नाही. दुसरा : ९६० मांडण्यांपैकी काहींत पांढऱ्याला जास्त फायदा मिळतो. त्यावर तोडगा सोपा आहे. एकाच मांडणीवर दोन डाव घ्या, रंग बदलून. तिसरा आक्षेप प्रेक्षकांचा : ओळखीची सुरुवात नसेल, तर डाव कळणार कसा? पण पंधरा पाठ चाली पाहण्यापेक्षा पहिल्या चालीपासून विचारात बुडालेला खेळाडू पाहणे नवशिक्यालाही अधिक रंजक वाटू शकते.

खरी काळजी वेगळी आहे. खासगी पैशावर उभी राहिलेली ‘फ्रीस्टाइल’ मालिका आणि फिडे यांच्यात ‘जागतिक अजिंक्यपद’ हे शब्द कुणी वापरायचे, यावरून २०२५च्या सुरुवातीला जाहीर वाद झाला. पाठांतराच्या मक्तेदारीतून सुटलेला खेळ प्रायोजकांच्या मक्तेदारीत अडकला, तर काहीच साधणार नाही. मोठ्या बक्षिसांच्या मोजक्या निमंत्रितांपुरता हा प्रकार उरला, तर ज्या मुलाला त्याचा सर्वाधिक उपयोग, तोच बाहेर राहील.

आपल्याकडे काय करता येईल?

सुरुवात शालेय आणि जिल्हा पातळीवर व्हावी. वयोगटाच्या स्पर्धांना जोडून एक दिवस ‘९६०’साठी ठेवला, तर नवे साहित्य काहीच लागत नाही. पट तोच, मोहरे तेच. नियमही नव्याने लिहायला नकोत. फिडेच्या नियमावलीत ते आहेतच. सरावासाठी लिचेससारखे मोफत अ‍ॅप आहे. पाठांतराच्या आधी विचार करायला शिकवायचे असेल, तर वर्गातही आठवड्यातला एक तास अशा डावांना द्यायला हरकत नसावी.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. रोज नवा नियम काढण्याने खेळ वाढत नाही. टिकणारा बदल असा असतो, की जुन्या खेळाडूची समज त्यात कामी येते, पण त्याची वही कामी येत नाही. पाचशे वर्षांपूर्वी वजिराला लांब धाव मिळाली, तेव्हा बुद्धिबळ संपले नाही, उलट जगभर पसरले. शिकवणी आणि महागडा संगणक न परवडणाऱ्या मुलाला पहिल्या चालीपासून बरोबरीने लढता यावे, एवढ्यासाठी मागच्या रांगेतले आठ मोहरे हलवणे ही फार मोठी किंमत नाही.